बडोद्यात झाडीतलं घर घेताय? आधी भिंतीवरची रेघ बघा
समा, अकोटा, कारेलीबागेकडची झाडी पाहिली की मन हरखतं. वडांचंच गाव हे. पण विश्वामित्री नदी जवळ आहे, हे विसरू नका. जुलै-ऑगस्ट २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिचं पाणी सोसायट्यांत शिरलं होतं. कंपाउंडच्या भिंतीवर, मीटरपेटीखाली मातकट रेघ दिसते का, ते वाकून बघा. फक्त खालच्या तीन-चार फुटांनाच ताजा रंग असेल, तर कारण विचाराच. शेजारच्या काकूंना, वॉचमनला सरळ विचारा, ‘पाणी कुठवर आलं होतं?’ दलालाच्या शब्दावर राहू नका. मी तर म्हणेन, बयाणा द्यायच्या आधी एकदा भर पावसात चक्कर मारा. घराला लागून वड-पिंपळ असेल, तर ओट्याच्या भेगाही तपासा.