तिसऱ्या रकान्यातली भाषा

बारावीचा निकाल लागला की मला गावाकडून फोन सुरू होतात. यंदा एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मॅडम, पोरगी सायकॉलॉजी घ्यायची म्हणतीया. ते शिकून पुढं करायचं काय? वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी?" त्यांचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटला नाही. द्राक्षबागेवर कर्ज असलेला माणूस पोरीच्या तीन-चार वर्षांचा हिशेब मागणारच, आणि तो त्याला मिळायला हवा. फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण बरंच राहून गेलं. ते इथे लिहिते आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली. 2014 साली बी.ए. भाग एकला प्रवेश घेतला, तेव्हा किर्लोस्करवाडीहून सकाळच्या पॅसेंजरने सांगलीला यायचे. हा विषय घेण्यामागचं कारण घरातलंच होतं. माझी धाकटी आत्या बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली, बाळाला जवळ घेईना. वर्षभर देवऋषी, अंगारे, गंडेदोरे झाले. मग कुणीतरी म्हणालं, मिरजेला दाखवा. औषधं सुरू झाली आणि दोन-अडीच महिन्यांत तिने स्वतःहून बाळ मांडीवर घेतलं. प्रसूतीनंतरचं नैराश्य हे त्याचं नाव मला फार उशिरा कळलं. पण त्या वर्षभरात "तुला काय होतंय गं?" हे आम्हा कुणालाच विचारायचं सुचलं नव्हतं, ते मनात रुतून बसलं.

मानसशास्त्राला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मैत्रिणी म्हणतात, "सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय." मनातलं ओळखणं हा या विषयाचा धंदाच नाही. 1879 मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लायप्झिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय मोजमापाचा आहे. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात 1916 साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, तोही प्रयोगशाळेला धरूनच. त्यामुळे कला शाखेत असूनही तुम्हाला प्रॅक्टिकल असतात, जर्नल असतं, आणि ते सही करून घेण्यासाठी धावपळही असते.

एक प्रयोग सांगते, कारण मला हा विषय खरा तिथे कळला. फळीवर ताऱ्याची आकृती, समोर आरसा, मधे आडवा पडदा. हात आणि आकृती थेट दिसत नाहीत, फक्त आरशात दिसतात. आरशात बघत तारा गिरवायचा. माझी प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती, वर्गातलीच एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, रांगोळीत कॉलेजात पहिली. पहिल्या कोपऱ्यावर तिचा हात थांबला. पेन्सिल वर न्यायची तर खाली जात होती. बोटं पांढरी पडेपर्यंत तिने पेन्सिल दाबून धरली होती, कपाळावर घाम होता, आणि शेजारी स्टॉपवॉच घेऊन मी उभी. मला सारखं वाटत होतं, "अगं, सोपं आहे, डावीकडे घे" म्हणून सांगावं. पण ठरलेल्या सूचनेबाहेर एक शब्द बोलायचा नाही, प्रत्येक प्रयुक्ताला तीच सूचना त्याच शब्दांत द्यायची, हा नियम. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला तिचा वेळ निम्म्यावर आला, चुका कमी झाल्या. नंतर तिला अनुभव विचारला, तर म्हणाली, "माझा हातच माझा वाटत नव्हता." ते वाक्य मी अंतर्निरीक्षण अहवालात, म्हणजे प्रयुक्ताने स्वतः सांगितलेल्या अनुभवाच्या नोंदीत, जसंच्या तसं उतरवलं. मॅडमनी त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं: असेच शब्द जपा.

तेव्हापासून मी एक वही केली. तिचे रकाने तीन. पहिल्यात मराठी पुस्तकातली संज्ञा, दुसऱ्यात तिचं इंग्रजी नाव देवनागरीत, आणि तिसऱ्यात लोक ते कसं बोलतात. पहिले दोन रकाने पोटासाठी लागतात. बी.ए. मराठीतून होतं, अवधान, अभिसंधान, प्रबलन हे शब्द पाठ होतात. एम.ए.ला गेलात की सगळं इंग्रजीत येतं, आणि रीइन्फोर्समेंट म्हणजे आपलं प्रबलनच, हे कळायला पहिलं सत्र निघून जातं. मी एम.ए.ला पुण्यात होते. वर्गातल्या चर्चेत पहिले चार महिने मी तोंड उघडलं नाही. विषय येत होता, शब्द येत नव्हते. म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून दोन्ही रकाने सोबत भरत जा, ही माझी पहिली कळकळीची सूचना.

तिसरा रकाना मात्र पुण्यातल्या ग्रंथालयात भरत नाही. "नैराश्य" हा शब्द घेऊन आमच्याकडे कुणी दवाखान्यात येत नाही. बाई म्हणते, करमत नाही. कशात जीव लागत नाही. अंगातलं त्राण गेलंय. बाप्या म्हणतो, डोस्कं भणभणतंय, झोप उडालीया. चिंतेचा विकार असलेला कॉलेजचा पोरगा आधी हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो, कारण त्याच्या काळजात धडधडतंय आणि पोटात गोळा येतोय. मिरजेला तर जत भागातून आणि अथणी, रायबागकडून कन्नड बोलणारे पेशंट येतात. त्यांच्यासाठी वहीला चौथा रकाना करावा लागला. सांगलीत, मराठी माध्यमात शिकतोय म्हणून आपण मागे पडलो असं वाटणाऱ्या मुलामुलींना मी हेच सांगते, की ही भाषा तुमच्याकडे आयती आहे. मोठ्या शहरात शिकलेल्याला ती नव्याने शिकावी लागते.

संख्याशास्त्राला घाबरून बरेच जण तिसऱ्या वर्षाला विषय सोडतात. सोडू नका. मध्यमान म्हणजे सरासरी, प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते, एवढ्यावर बी.ए. निघतं आणि त्यात दहावीच्या गणितापलीकडचं फारसं काही नसतं. ते कशाला हवं, तर हे बघा. आजच्या बहुतेक बुद्धिमत्ता चाचण्यांमध्ये मध्यमान 100 आणि प्रमाण विचलन 15 धरतात. 70 म्हणजे मध्यमानापासून दोन विचलनं खाली. बौद्धिक अक्षमता ठरवताना हा आकडा बघतात, आणि त्यासोबत मूल स्वतःचं जेवण, कपडे, पैशाचा व्यवहार कितपत सांभाळतं हेही बघतात. आता एका मुलाचा बुद्ध्यांक 68 आला आणि दुसऱ्याचा 72, तर त्या दोघांत खरोखर फरक आहे का? कोणत्याही मापनात थोडी चूक असतेच. हे ज्याला समजत नाही तो एका आकड्यावर पोराचं भवितव्य ठरवून मोकळा होतो. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बदलून घेतली, ती बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. परदेशी चित्रं, परदेशी नाणी दाखवून आपल्या पोरांची अक्कल मोजायची नाही, हा विचार त्यांनी तेव्हा केला होता.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा मी एम.ए. संपवून घरी होते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशाऱ्याची आणि 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. एका शाळेतल्या निवारा केंद्रात मी स्वयंसेवक म्हणून गेले. डोक्यात एम.ए.च्या सगळ्या थेरप्या होत्या. वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर एक आजी बसल्या होत्या. रडत नव्हत्या, जेवतही नव्हत्या. हाताच्या बोटांनी पदराचं टोक पिळायचं, सोडायचं, परत पिळायचं. मी शेजारी बसले. अर्ध्या तासाने त्या आपणहून म्हणाल्या, "म्हस दाव्याला हुती. दावं सोडाय हात पोचला न्हाई." पुढे काही नाही. हात मात्र पदरावर तसाच फिरत राहिला, दाव्याची गाठ सोडावी तसा.

मानसिक प्रथमोपचाराची जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची पुस्तिका आहे. तिचं सूत्र साधं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. घडलेलं सगळं खोदून विचारायचं नाही, बोलायला भाग पाडायचं नाही. त्यांची सून दुसऱ्या केंद्रात होती. फोन लावून दिला, दुसऱ्या दिवशी दोघींची गाठ घालून दिली आणि पंचनाम्यात म्हशीची नोंद होईल ना, याची तलाठ्यांकडे चौकशी केली. त्या रात्री आजी अर्धी भाकरी जेवल्या. माझ्या थेरप्यांपैकी एकही लागली नाही, आणि तरी मला वाटतं त्या दिवशी मी माझा अभ्यास वापरला.

आता नोकऱ्यांचं. इथे फसवणूक फार आहे, म्हणून नीट वाचा.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. झालेले डॉक्टर. औषध तेच लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यांना भारतीय पुनर्वास परिषदेची, आरसीआयची, नोंदणी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने आली. नुसत्या एम.ए. मानसशास्त्रावर ही नोंदणी मिळत नाही. आतापर्यंत एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. हा तिचा राजमार्ग होता: बेंगळुरूची निम्हान्स, रांचीची सेंट्रल इन्स्टिट्यूट अशा मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांत. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कडक. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच जाते आहे, आणि त्या जागी परिषदेने वेगळे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून कुठेही पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधा. कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

हे मी पोळल्यामुळे सांगते. एम.ए.च्या सुट्टीत एका खासगी संस्थेकडे मी 18,000 रुपये भरून तीन महिन्यांचं "थेरपिस्ट" प्रमाणपत्र घेतलं. शनिवार-रविवारची व्याख्यानं, शेवटी फ्रेम केलेला कागद. एकही खरा माणूस समोर बसवला नाही, एकही सत्र कुणी तपासलं नाही. तो कागद मला कुठेच उपयोगी पडला नाही. वडिलांनी ते पैसे ऊसबिलातून दिले होते, त्याचं वाईट अजून वाटतं.

मी स्वतः चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नाही. एम.फिल.ची परीक्षा दोनदा दिली, यादीत नाव आलं नाही. आज मिरजेत एका मनोविकार रुग्णालयात डॉक्टरांच्या हाताखाली समुपदेशक आहे आणि आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत जाते. दारावर "समुपदेशक" एवढंच लिहिलेलं आहे, कारण तेवढंच खरं आहे. पहिला पगार 12,000 होता. पहिली तीन वर्षं ओढाताणीची जातात, ते घरी आधीच सांगून ठेवा.

समुपदेशकाच्या जागा कुठे असतात? शाळा-महाविद्यालयं, जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कार्यक्रम, एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणारं आयसीटीसी केंद्र, किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक, अडचणीतल्या महिला-मुलांसाठीचा पोलिसांचा भरोसा सेल, कौटुंबिक न्यायालय, व्यसनमुक्ती केंद्रं. साताऱ्यात परिवर्तन, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण या संस्थांचं काम जाऊन बघा. सरकारी योजनांतल्या बऱ्याच जागा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या असतात. त्यातला अनुभव मात्र मोलाचा. विशेष मुलांमध्ये रमणाऱ्यांनी विशेष शिक्षणातलं बी.एड. करावं. माझ्या वर्गातले दोघे कुपवाड एमआयडीसीत एचआरला आहेत आणि आमच्या सगळ्यांत त्यांचं बरं चाललंय. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. विषय आवडत असेल तर पदवीला तो मेजर, म्हणजे मुख्य विषय, घ्या; मायनर, म्हणजे दुय्यम, म्हणून घेतल्यास एम.ए.च्या प्रवेशाच्या अटी आधी तपासा.

छोट्या गावात हे काम करताना एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. सकाळी समोर बसून रडलेली बाई संध्याकाळी हरभट रोडला साडीच्या दुकानात नणंदेबरोबर भेटते. तिने ओळख दाखवली तर हसायचं, नाही दाखवली तर सरळ पुढे जायचं. मी हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवते: "बाहेर दिसलात तर मी आधी बोलणार नाही, राग मानू नका." एकदा माझ्या सख्ख्या मावशीने विचारलं, "अमक्याची सून तुमच्याकडं येती म्हणं?" मी चहा टाकायला उठले. त्यावर मावशी वर्षभर रुसली होती, पण त्या सुनेने येणं थांबवलं नाही.

आणि आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारायला शिका. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. "जीव नकोसा झालाय का? काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं विचारलं की बहुतेक वेळा समोरचा माणूस सुटकेचा श्वास सोडतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो तुमच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा, शिकायला प्रवेश घ्या किंवा न घ्या.

त्या मुलीच्या वडिलांना मी म्हटलं, पोरीला घेऊन एखाद्या शनिवारी मिरजेला या. ते आले. मुलगी माझी वही चाळत बसली. वडील बराच वेळ गप्प होते. मग तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यातलं एक मलाबी हुतंय." मुलीने वही मिटली आणि त्यांच्याकडे वळून बसली.