‘धकेलना’चं इंग्रजी करताना या चुका टाळा

उर्दू मालिकांची इंग्रजी सबटायटल्स करताना ‘धकेलना’ या साध्या क्रियापदाने मला जेवढं छळलंय, तेवढं एखाद्या जडजंबाल फारसी शब्दानेही छळलेलं नाही. फारसी शब्द आला की आपण निमूटपणे कोश उघडतो. ‘धकेलना’ मात्र आपल्या ‘ढकलणे’चा सख्खा भाऊ वाटतो, मग ‘पुश’ ठोकून मोकळे होतो.

कोश उघडला तरी दुसरी फसगत ठरलेली. प्लॅट्सचा 1884 सालचा उर्दू-इंग्रजी कोश आजही हाताशी असतो. त्यात एकेका शब्दापुढे इंग्रजी शब्दांची रांग लागलेली असते आणि आपण त्यातला वजनदार दिसणारा उचलतो. ‘लोगों ने रुकी हुई गाड़ी को धकेला’ याला मी एकदा ‘शव्ह्ड’ लावलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, ‘लोक गाडीवर चिडलेत का?’ बंद पडलेल्या गाडीला ‘पुश’च. ‘शव्ह’मध्ये आडदांडपणा आहे, रांगेत मागचा खांदा मारून पुढे घुसतो, तो शव्ह. (उच्चार ‘शव्ह’, ‘शोव्ह’ नव्हे.) गर्दीत कोण कुणाला ढकलतंय तेच कळत नाही, तिथे ‘जॉसल’. नको म्हणताना कुणी हातात नोटा कोंबल्या, तर ‘थ्रस्ट’. त्याचा भूतकाळही ‘थ्रस्ट’च, ‘थ्रस्टेड’ लिहू नका. ‘प्रोपेल’ होडीला नाहीतर रॉकेटला ठेवा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मात्र शब्द बरोबर निवडल्यावर. ‘उसने मुझे सीढ़ियों से धकेल दिया’ याचं ‘ही पुश्ड मी फ्रॉम द स्टेअर्स’ केलं, तर वाचणाऱ्याला पडणं दिसतच नाही. उर्दूत ‘दिया’ने काम तडीस गेल्याचं कळतं, आपल्या ‘ढकलून दिलं’सारखंच. इंग्रजीत ते ओझं ‘डाउन’, ‘आउट’, ‘असाइड’ असले छोटे शब्द वाहतात. म्हणून ‘डाउन द स्टेअर्स’. तसंच नुसतं ‘पुश्ड द डोअर’ लिहिलं तर दार उघडलं की नाही, ते अधांतरीच. उघडलं असेल तर पुढे ‘ओपन’ हवं.

हात लावून ढकलणं नसेल तिथे ‘पुश’ नेहमीच चालत नाही. ‘मुल्क को जंग में धकेल दिया’ला ‘प्लंज्ड’ शोभतं. ‘उसकी मौत से धक्का लगा’ म्हणजे ‘शॉक’.

मराठीतून आलेल्यांची एक वेगळीच गोची आहे. आपण परीक्षाही पुढे ढकलतो, तिथे ‘पोस्टपोन’ लागतं. फॉरवर्ड केलेल्या मेलला आपण ‘ढकलपत्र’ म्हणतो. आणि भाऊच्या धक्क्याचं इंग्रजी ‘फेरी व्हार्फ’ आहे, तिथे कुणी कुणाला ढकलत नाही. निदान बोट लागेपर्यंत तरी.