ब्रेन इमेजिंग लॅबमधली उन्हाळी इंटर्नशिप: तयारी कशाची करायची?

मेंदूच्या संशोधनात इंटर्नशिप म्हटलं की डोळ्यांसमोर एमआरआय स्कॅनर येतो. प्रत्यक्षात आठ-दहा आठवड्यांतला बहुतेक वेळ संगणकासमोर जातो, तोही आधीच गोळा झालेल्या डेटावर. तयारी त्याच कामाची करा.

लॅबना अर्ज पाठवायचा तो उन्हाळ्याच्या चार ते सहा महिने आधी. त्याच्याही आधी दोन गोष्टी हाताखालून गेलेल्या हव्यात: लिनक्सचं टर्मिनल आणि थोडं पायथन. मग ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या खुल्या संग्रहावरचा डीएस०००१०२ हा मोफत डेटासेट घ्या. त्यात २६ निरोगी प्रौढांनी स्कॅनरमध्ये फ्लँकर चाचणी दिली आहे, म्हणजे मधल्या बाणाची दिशा ओळखायची आणि आजूबाजूच्या बाणांकडे दुर्लक्ष करायचं. प्रत्येकाचे दोन रन (सलग स्कॅनचे टप्पे) आहेत. एका रनमध्ये १४६ व्हॉल्यूम, म्हणजे पूर्ण मेंदूची त्रिमितीय चित्रं, दर दोन सेकंदांना एक. सगळे २६ जण नकोत, पाच पुरे. एफएसएल हे मेंदूच्या स्कॅनचं मोफत सॉफ्टवेअर वापरून कवटी वेगळी करा, डोक्याच्या हालचालीची दुरुस्ती करा, स्कॅन प्रमाणित मेंदूवर बसवा आणि चाचणीच्या वेळांशी सिग्नल जुळतो का ते तपासणारं साधं लिनिअर मॉडेल चालवा. (विंडोजवर एफएसएल थेट चालत नाही, विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल लागतं.) जे आलं ते एका पानात लिहा, फसलेलंही लिहा. प्राध्यापकांना पाठवायच्या मेलमध्ये या पानाची लिंक म्हणजे निम्मा अर्ज. ‘मला लहानपणापासून मेंदूचं कुतूहल आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, ते गाळा.

मेल दीडशे-दोनशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका. होकार आला की तीन प्रश्न विचारा: डेटा गोळा झालेला आहे का, नैतिक समितीची परवानगी आहे का, रोज शंका विचारायला कोण असेल? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रकल्प बदलून मागा. परवानगी, सहभागींची जुळवाजुळव आणि स्कॅनरची वेळ यांतच उन्हाळा संपतो. तिसऱ्याचं उत्तर बहुधा एखादा पीएचडीचा विद्यार्थी असतो, आणि ते उत्तमच.

स्कॅनरच्या खोलीबद्दल एकच गोष्ट, पण पक्की. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो. ३ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं एकक) म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६० हजार पट. कात्री, किल्ल्या, लोखंडी खुर्ची आत गेली की ती उडणारच. सुरक्षा-प्रशिक्षण आणि (अंगात-अंगावर धातू आहे का हे विचारणारा) तपासणी-अर्ज झाल्याशिवाय दारापाशीही थांबू नका.

मूळ फायलींना हात लावायचा नाही. त्या केवळ वाचता येतील अशा ठेवा आणि काम प्रतींवर करा. टी-१ स्कॅनवरून, म्हणजे डोक्याच्या रचनेच्या बारीक चित्रावरून, माणसाचा चेहरा पुन्हा उभा करता येतो. म्हणून चेहरा पुसलेला नसेल तर ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर घ्यायची नाही.

आता चुका. सगळ्यात त्रासदायक चूक वेळेची. सुरुवातीचे काही व्हॉल्यूम सिग्नल स्थिरावेपर्यंत टाकून देतात. चार टाकले आणि चाचणीतल्या घटनांच्या (बाण कधी दिसले त्याच्या) वेळा तशाच ठेवल्या, तर दोन सेकंदांच्या हिशेबाने आठ सेकंदांची चूक होते. रक्तप्रवाहाचा प्रतिसादच मुळात पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो, म्हणजे मॉडेल तो भलत्याच वेळी शोधत राहतं. प्रोग्रॅम मात्र कसलीही तक्रार करत नाही, मेंदूतल्या सक्रियतेचा नकाशा नुसता रिकामा येतो. दुसरी चूक डाव्या-उजव्याची. काही सॉफ्टवेअर मेंदूची डावी बाजू पडद्याच्या उजवीकडे दाखवतं. उजव्या हाताची बोटं हलवल्याचा डेटा असेल तर हालचालीचा ठिपका डाव्या गोलार्धात यायला हवा. तेवढं पाहून घ्या. काही लॅब डोक्याच्या उजव्या बाजूला ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतात, ती स्कॅनमध्ये चमकते.

डोक्याच्या हालचालीसाठी ०.५ मिलिमीटर ही एका व्हॉल्यूमपासून दुसऱ्यापर्यंतची सर्रास वापरली जाणारी मर्यादा. विश्रांती-अवस्थेच्या अभ्यासात (सहभागी काहीच न करता नुसता पडून असतो) ती ०.२ पर्यंत खाली आणतात, कारण डोकं हललं की शेजारच्या भागांत खोटा संबंध दिसतो. मर्यादा कोणतीही घ्या, पण निकाल पाहण्याआधी ठरवून लिहून ठेवा. आकड्यांवरच विसंबू नका. प्रत्येक स्कॅन उघडून डोळ्यांनी बघा.

नकाशावर रंग दिसला म्हणून हुरळू नका. २००९ मध्ये एका मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’ गेली आणि त्याच्या मेंदूत ‘सक्रियता’ सापडली. अनेक तुलनांची दुरुस्ती, म्हणजे एकाच वेळी हजारो चाचण्या केल्याचा हिशेब, केल्यावर ती नाहीशी झाली. ६० हजार व्हॉक्सेल (स्कॅनचे छोटे घनाकृती ठोकळे) ०.००१ या पातळीवर, म्हणजे हजारात एक चूक चालेल असं धरून, तपासले, तर निव्वळ योगायोगाने साठेक उजळणार.

शेवटचे दोन आठवडे नवं विश्लेषण सुरू करू नका. कोड गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) ठेवा आणि कोणता सहभागी का वगळला त्याची यादी जोडा. मग ती स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून चालवायला सांगा. ती बहुतेकदा पहिल्याच ओळीत अडकते, कारण तिथे तुमच्याच फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो.