घरच्या घरी बाथरूम सुधारताना या चुका टाळा

बाथरूममध्ये स्वतःच्या हाताने केलेली सुधारणा फसते, तेव्हा दोष बहुतेक वेळा हातातल्या कसबाचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो. भिंत आतून ओली असताना तिच्यावर रंग चढवला जातो, जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन ओढले जाते, गळतीचे मूळ न शोधता टाइल्सच्या सांध्यांत ग्राउट भरले जाते. ही कामे कमी खर्चाची आहेत हे खरे, पण काही महिन्यांत तीच पुन्हा करावी लागली तर ती स्वस्त राहत नाहीत. म्हणून आधी पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे पाहावे, मग हवेची सोय पाहावी आणि रंगरूपाकडे त्यानंतरच वळावे, असे माझे ठाम मत आहे.

गळती शोधण्याआधी सांधे भरणे

सर्वांत जास्त पैसा आणि मेहनत वाया जाते ती येथे. खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली की पहिला संशय टाइल्सच्या सांध्यांवर जातो आणि सुटीच्या दिवशी सगळे सांधे नव्याने भरले जातात. सिमेंटचे ग्राउट मुळात पाणी पूर्णपणे अडवणारे नसते. ते काम टाइल्सखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचे असते. शिवाय गळती नळाच्या दाबाच्या पाइपमधून, सांडपाण्याच्या जोडातून किंवा फ्लश टाकीतून होत असेल, तर वरचे सांधे कितीही नेटके भरले तरी ओल तशीच राहते.

यातला फरक ओळखण्यासाठी कारागिराची गरज नाही. घरातले सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. कोणीही पाणी न वापरता आकडा पुढे सरकला असेल, तर दाबाच्या पाइपमध्ये, एखाद्या नळात किंवा फ्लशच्या टाकीत गळती आहे. आकडा हलला नाही, तर सांडपाण्याची वाट किंवा जमीन यांच्याकडे वळावे. एके दिवशी जमीन कोरडी ठेवून बादलीभर पाणी हळूहळू थेट जाळीतून ओतावे आणि ओल वाढते का ते पाहावे. दुसऱ्या दिवशी जाळीचे तोंड कापडाने घट्ट बंद करून जमिनीवर पाण्याचा पातळ थर काही तास उभा ठेवावा. पहिल्या चाचणीत ओल वाढली तर दोष ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात) किंवा पाइपच्या जोडात आहे, दुसऱ्या चाचणीत वाढली तर जमिनीत आहे. या दोन्ही चाचण्या एकाच दिवशी करण्याची घाई करू नये, कारण मग ओल कशामुळे आली हे पुन्हा कळेनासे होते. भिंतीतला पाइप फुटला असेल किंवा वॉटरप्रूफिंगच गेले असेल, तर ते काम स्वतः करण्याजोगे नाही, हेही येथेच मान्य केलेले बरे.

गळती नाही आणि सांधे केवळ झिजलेले किंवा काळवंडलेले आहेत अशी खात्री झाली, की ग्राउट जरूर बदलावे. बाथरूमचे रूप इतक्या कमी खर्चात पालटणारे दुसरे काम क्वचितच असेल. मात्र जुन्या ग्राउटवर नव्याचा पातळ हात फिरवला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो. सांधा निदान २ ते ३ मिलिमीटर खोल खरवडून, धूळ ब्रशने काढून, मगच नवे ग्राउट दाबून भरावे. ते सहज पसरावे म्हणून त्यात जास्त पाणी घालण्याचा मोह होतो आणि त्याचीच शिक्षा पुढे बारीक भेगा व पिठूळ सांधे या रूपाने मिळते. भिंत आणि जमीन जेथे मिळतात, किंवा दोन भिंतींचा कोपरा होतो, तेथे ग्राउट वापरूच नये. तेथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, त्यामुळे कडक ग्राउटला तडा जातो. तेथे लवचीक सिलिकॉनच हवे.

सिलिकॉन लावताना होणारी घाई

बेसिनच्या मागची किंवा टबच्या कडेची पांढरी रेघ काळी पडली, की तिच्यावर नवी रेघ ओढणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे आणि तो हमखास फसतो. वाळून पक्क्या झालेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही. जुनी रेघ ब्लेडने पूर्ण कापून काढावी, उरलेला चिकट पातळ थर खरवडावा, जागा स्पिरिटने पुसावी आणि ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण फटीच्या आत ओल राहिली तर सिलिकॉन वरून छान दिसते आणि मागून सुटत जाते. रात्री काम करून सकाळी अंघोळीसाठी बाथरूम वापरायचे असे नियोजन असेल, तर ते आधीच बदलावे. सिलिकॉनवर अर्ध्या तासाच्या आत साय धरते, पण आतपर्यंत ते वाळायला साधारण २४ तास लागतात आणि जाड रेघेला त्याहूनही जास्त.

सिलिकॉन निवडतानाही चूक होते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते. काच आणि चकचकीत टाइल्ससाठी ते चालते, पण संगमरवरावर त्याने डाग पडू शकतात आणि आरशाच्या मागे लावल्यास आरशाचा मुलामा खराब होतो. दगड व आरसा यांच्यासाठी न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन घ्यावे. बाथरूमसाठी बुरशीरोधक, म्हणजे सॅनिटरी दर्जाचेच घ्यावे, आणि त्यावर पुढे रंग बसत नसल्यामुळे योग्य रंगाची नळी सुरुवातीलाच निवडावी. अॅक्रिलिकचा टब असेल तर तो पाण्याने भरून, मगच कडेची रेघ ओढावी आणि ती वाळेपर्यंत पाणी तसेच ठेवावे. रिकाम्या टबच्या कडेला लावलेले सिलिकॉन टब वजनाने खाली बसला की ताणले जाते आणि फाटते.

रेघ बरीच वर्षे टिकली, पण आता आतून काळी दिसते आहे, अशा वेळी ब्लीच घासण्यात वेळ घालवू नये. बुरशी सिलिकॉनच्या मागे किंवा आत शिरलेली असते आणि तेथपर्यंत ब्लीच पोचत नाही.

ओल्या भिंतीवर रंग

छताला काळे ठिपके आले आणि रंगाचे पोपडे सुटले, की नवा रंग आणला जातो. तो लावण्याआधी भिंतीला पाणी आतून येते आहे की हवेतल्या वाफेने ती ओली होते आहे, हे ठरवणे आवश्यक आहे. त्यासाठी जाड पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर दोष वाफेचा आहे. पहिल्या परिस्थितीत कोणताही महागडा रंग टिकणार नाही. दुसऱ्या परिस्थितीत रंगाआधी हवेची सोय करावी लागते.

एक्झॉस्ट फॅन आहे, तरीही वाफ जात नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. टिश्यू पेपरचा तुकडा फॅनच्या जाळीला लावून पाहावा. तो ओढला जाऊन जाळीला चिकटून राहिला तर फॅन हवा खेचतो आहे. चिकटत नसेल तर आधी पाती आणि जाळी स्वच्छ करावी, आणि तरीही फरक पडला नाही तर दाराखाली पाहावे. बाहेरची हवा आत यायला दाराखाली फटच नसेल, तर फॅन नुसता फिरत राहतो. दुसरी मोठी चूक म्हणजे फॅनचे तोंड फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडणे. तेथे वाफ साठते आणि बुरशी नजरेआड वाढत राहते. हवा इमारतीबाहेरच गेली पाहिजे, आणि अंघोळ झाल्यावरही फॅन १५ ते २० मिनिटे चालू ठेवला पाहिजे. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर मात्र फॅनने धोका वाढू शकतो, कारण तो जळालेला वायू खोलीतच परत खेचू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेतो. असा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हलवणे हीच त्या बाथरूमची पहिली सुधारणा समजावी.

बुरशी काढताना ब्लीच वापरायचे असल्यास ते एकटेच वापरावे. टॉयलेट साफ करण्याच्या अॅसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये ते मिसळले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि अमोनिया असलेल्या काच-क्लीनरशी मिसळले तरी विषारी वायू निघतात. एका द्रावणाने घासून, भरपूर पाण्याने धुऊन घेतल्याशिवाय त्याच जागी दुसरे द्रावण टाकू नये. अॅसिडबद्दल आणखी एक सांगावेसे वाटते: क्षारांचे पांढरे डाग त्याने लवकर निघतात, पण नळांचा क्रोमचा मुलामा, सिमेंटचे ग्राउट आणि संगमरवर यांचीही त्याने झीज होते. शॉवरच्या तोंडातले क्षार काढायला ते पाऊण तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तरी पुरते.

नळ दुरुस्त केला, तरीही ठिबकतो

जुन्या, अनेक वेढे फिरणाऱ्या नळाचा वायसर बदलला आणि तरीही थेंब थांबले नाहीत, तर वायसर ज्या धातूच्या कडेवर टेकतो ती कड खडबडीत झालेली असते. नळ जोर लावून आवळल्याने ती आणखी खराब होते आणि नवा वायसरही लवकर कापला जातो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकची कार्ट्रिज असते. ती बदलताना जुनी कार्ट्रिज सोबत नेऊन तंतोतंत त्याच मापाची आणावी. काम सुरू करण्याआधी मुख्य कॉक बंद करून नळ उघडावा, म्हणजे पाइपमधला दाब निघून जातो, आणि बेसिनच्या भोकावर कापड टाकावे, म्हणजे सुटलेला स्क्रू आत जात नाही. नळाची धार बारीक झाली असेल तर पाना हाती घेण्याआधी तोंडाची जाळी काढून धुवावी; पुष्कळदा दोष एवढाच असतो.

जोड गळू नये म्हणून आट्यांवर लावायची टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळली जाणे ही किरकोळ वाटणारी, पण नेहमी नडणारी चूक आहे. आट्यांचे टोक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, काही वेढे गुंडाळावी; उलट गुंडाळलेली टेप जोड आवळताना उलगडत जाते. ज्या जोडात रबरी वायसर आहे, उदाहरणार्थ कमोड किंवा बेसिनला जाणारा लवचीक पाइप, तेथे टेपची गरज नसते. तेथे हाताने घट्ट करून पान्याने थोडेच आवळावे, कारण जास्त जोराने प्लास्टिकची नट आणि सिरॅमिक दोन्ही तडकतात.

फ्लशमधून पाणी सतत वाहत असल्यास टाकीत खाण्याचा रंग टाकून २० मिनिटे फ्लश वापरू नये. टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या) नळीच्या काठाखाली असूनही भांड्यात रंग उतरला तर तळाचे रबरी सील गेले आहे. पाणी त्या नळीच्या काठापर्यंत आलेले दिसले, तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली करावा. पाण्याची पातळी त्या काठाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली असली पाहिजे. पाणी वाचवण्यासाठी टाकीत वीट ठेवू नये, ती हळूहळू झिजते आणि तिचा चुरा सीलमध्ये अडकतो. टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकण्यानेही रबरी भाग लवकर कडक होतात.

टाइलला भोक पाडताना

ड्रिलचा हॅमर मोड चालू ठेवून टाइलवर सुरुवात केली, की तडा गेलाच म्हणून समजावे. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावून, टाइलसाठीचे बिट घेऊन, कमी वेगाने आणि हॅमर बंद ठेवून टाइल पार करावी. मागचे काँक्रीट लागल्यावरच हॅमर सुरू करावा. प्लास्टिकचा प्लग टाइलच्या जाडीच्या पलीकडे आत ढकलावा, नाहीतर स्क्रू आवळताना तो फुगून टाइल फोडतो. नळ आणि शॉवर यांच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत पाइप असण्याची शक्यता सर्वाधिक असल्याने तेथे भोक पाडू नये, आणि स्विच व गीझरच्या वायरिंगबाबतही हीच काळजी घ्यावी. चिकटवायचे हुक सारखे पडत असतील, तर साबणाचा थर स्पिरिटने काढून ते लावावेत आणि एक दिवस त्यांच्यावर काहीच टांगू नये.

आरशावरचा दिवा डोक्यावर न लावता आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर लावला, तर चेहऱ्यावर सावली पडत नाही. मात्र बाथरूममधली वायरिंग स्वतः करू नये, आणि सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी.

स्वच्छता करूनही येणारा वास

सुगंधी द्रव्ये फवारण्याआधी जमिनीवरची जाळी उचलून पाहावे. नहाणी ट्रॅपमध्ये काही सेंटिमीटर पाणी कायम उभे राहावे लागते, कारण तेच पाणी गटाराचा वायू आणि झुरळे अडवते. पाणी लवकर जात नाही म्हणून अनेक घरांत ट्रॅपमधली वाटी काढून टाकलेली असते आणि वास तेथूनच येतो. वाटी बाहेर काढून तिच्याभोवतीचे केस व साबण साफ करावेत आणि ती परत जागेवर बसवावी. क्वचित वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये ट्रॅपमधले पाणी आटते. तेथे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतले तरी पुरते. ट्रॅप भरलेला असूनही वास राहिला, तर बेसिनखालचा पाइप जमिनीत जेथे शिरतो ती जागा पाहावी, कारण तेथली मोकळी फट बहुतेक वेळा कोणीच बंद केलेली नसते, आणि ती रबरी रिंगने किंवा सिलिकॉनने बुजवता येते.