तबला वाजवून मनगट दुखतंय?

आधी मलम शोधू नका, बैठक बघा. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर पाठीला बाक येतो, खांदे पुढे झुकतात आणि खांद्याचं काम मनगट करू लागतं. बुडाखाली चादरीची चार बोटं उंच, घट्ट घडी घ्या; गुडघे आपोआप उतरतात. तबल्याखालची चुंबळ (कापडी कडं) सरकवून तबला किंचित पुढे कलता ठेवा, म्हणजे मनगट मागे मुडपत नाही. रेला (जलद, सलग वाजणारी बोलांची रचना) घोटताना 20-25 मिनिटांनी हात सैल सोडा. दुखऱ्या हाताने लय वाढवायचा हट्ट तर नकोच! बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री कळ येऊन जाग येत असेल, तर फिजिओथेरपिस्ट गाठा. जाताना तबला-डग्गा सोबत न्या, तिथेच बसून वाजवून दाखवा.