खून लपवा, पुरावा लपवू नका: ४० मिनिटांचं विनोदी रहस्य-नृत्यनाट्य बसवताना

बोलक्या नाटकात पुरावा कुणीतरी तोंडाने सांगतं. नृत्यनाट्यात तो पायातून, टाळीतून, घुंगरांच्या आवाजातून द्यावा लागतो. बडोद्यात त्याची सामग्री घरचीच आहे. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं आणि त्या नात्याने तंजावरच्या नर्तकी इथल्या दरबारात आल्या. आज सूरसागर तलावाजवळच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत कथ्थक आणि भरतनाट्यम दोन्ही शिकवतात, आणि गरबा तर सगळ्यांच्याच अंगात असतो. म्हणून गोष्टही इथलीच घ्या. दांडिया बाजारातला वाडा, श्रीखंडाची वाटी घेऊन बसलेले दादासाहेब, कथ्थकवाल्या मावशी, भरतनाट्यमवाल्या काकू, सुरी घेऊन फिरणारा पुतण्या, मुनीमजी आणि फौजदार. सहा माणसं पुरे. आठाच्या वर गेलात तर प्रेक्षक चेहरे विसरतो.

पहिल्या १० मिनिटांत दोन आवाज प्रेक्षकांच्या कानात बसवायचे. मावशींचे घुंगरू दोरीत ओवलेले, एका पायात शंभर किंवा त्याहून जास्त. तळपाय सपाट पडतो आणि 'ता थै थै तत्' मोकळं, झरझर वाजतं. काकूंचे घुंगरू चामड्याच्या पट्टीवर ओळीने शिवलेले. गुडघे बाहेर वळवून बसलेल्या पवित्र्यातून 'तैया तै' घट्ट, तुटक येतं. दोघींचं भांडण याच बोलांतून रंगवा. हशा होतोच, पण दोघींनी एकाच वेळी नाचायचं नाही. आवाज मिसळले की पुढचं सगळं रहस्य गेलं.

मग गरबा, त्रण ताळी, म्हणजे तीन टाळ्यांचा. खुनी काकूच आहेत. त्यांच्या मुठीत विषाची पुडी आहे, म्हणून त्यांच्या टाळ्या वाजत नाहीत. गरब्यात सगळ्यांचं तोंड मध्याकडे असतं, म्हणून रंगमंचाच्या मागच्या टोकाला असलेलीच व्यक्ती प्रेक्षकांना समोरून दिसते. काकू तिथे पोहोचतील तेव्हा पुढच्या दोघांनी टाळीसाठी खोल वाकायचं. निदान दोन फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत कुणी बघत नाही.

खून तीनतालात, म्हणजे १६ मात्रांच्या तालात, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत बसवा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक मात्रेची जागा, अशा १७ मात्रा होतात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उचललेली ही तिहाई (तीनदा येणारा तुकडा) पुढच्या समेवर येते. पुतण्याचे वार ५ आणि ११ व्या मात्रेला. पाचव्याला दादासाहेब घुंगरू उचलायला वाकतात, वार हुकतो आणि प्रेक्षक हसतात. त्याच क्षणी काकू वाटी बदलतात. अकराव्याला ते चमचा तोंडात घालत वळतात, वार पुन्हा हुकतो. समेवर सुरी उगारलेलीच राहते आणि दादासाहेब आपोआप कोसळतात. वाटी बदलणं हशाखाली झाकलं तरी चालतं, कारण शेवटी ते पुन्हा दाखवायचं आहे. पुराव्याचं तसं नाही. पुरावा आणि हशा एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, आले तर पुरावा बुडतो, आणि उकल झाल्यावर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. दोन्हींत दोन आवर्तनं मोकळी ठेवा.

सम पडल्यावर दोन आवर्तनं तसंच थांबून काळोख, सहा सेकंद. त्याहून लांबला तर कुजबुज सुरू होते. या वेळात संगीत पूर्ण बंद हवं. विषारी वाटी उचलून नेणाऱ्या काकूंची चार पावलंच ऐकू आली पाहिजेत. इथेच बहुतेक वेळा घोळ होतो. बाकीच्यांपैकी कुणी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं तरी त्याचे घुंगरू बोलतात. म्हणून दिवे जाण्याआधीच सगळ्यांचे दोन्ही तळपाय सपाट टेकलेले हवेत. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत एक माइक ठेवा, नाहीतर मागच्या रांगांना पावलं पोहोचत नाहीत. काकूंच्या वाटेवर अंधारात चमकणाऱ्या टेपच्या खुणा करा.

प्रेताचा श्वास हा वेगळाच प्रश्न. नाचून आलेल्याची छाती भात्यासारखी हलते, म्हणून मरण्याआधीचा अर्धा मिनिट दादासाहेबांना बसूनच अभिनय द्या. प्रेक्षकांकडे पाठ करून कुशीवर पडायचं आणि श्वास पोटात घ्यायचा. दोन मिनिटांत तिघांनी त्यांना तालात उचलून न्यावं: दोघं काखांत हात घालून, एक गुडघ्यांखाली. रेशमी सोवळं हातातून निसटतं, सुती धोतर नेसवा. वाटीत खरं श्रीखंड नको, कापूस भरा. अनवाणी पायाखाली एक थेंबही घसरवतो. सुटलेला घुंगरू तळव्यात रुततो, म्हणून प्रत्येक प्रवेशानंतर विंगेजवळची जागा हाताने चाचपा.

फौजदाराची गंमत एकच: तो प्रत्येक सम एक मात्रा उशिरा घेतो. शिकलेल्या नर्तकाला हे फार जड जातं, कारण अंग आपसूक समेवर येतं. त्याला आठवडाभर फक्त लहऱ्यावर (ताल दाखवणाऱ्या, फिरून फिरून वाजणाऱ्या सुरावटीवर), मोठ्याने मात्रा मोजत वेगळा बसवा. चौकशीत तबला प्रत्यक्ष असेल तर उत्तम, तबलजी हशासाठी थांबतो. रेकॉर्डिंग असेल तर त्याचे छोटे तुकडे करा आणि पुढचा तुकडा विंगेतून हात वर झाल्यावरच लावा.

चौथ्या आठवड्यात पाच तिऱ्हाईत माणसं बसवून उकलीआधी तालीम थांबवा आणि खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून घ्या. एक-दोन बरोबर आले तर ठीक. चार-पाच आले तर मूठ कमी वेळ दाखवा. एकही नाही आलं तर दोष काळोखातल्या पावलांत शोधा.

उकल म्हणजे त्याच १७ मात्रा, पण मिनिटाला ६० च्या लयीत आणि भर उजेडात. दादासाहेब परत जागेवर बसतात, सुरी हवेत सावकाश फिरते आणि पाचव्या मात्रेला सगळ्यांचे डोळे काकूंच्या हातावर जातात. फौजदार तिहाईभर त्यांच्यामागून चालतो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो, या वेळी बरोबर समेवर.