प्लॅटिनम लावलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडने हायड्रोजन कसा काढावा आणि कसा मोजावा

१९७२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. आज तेच रसायन भुकटीवर करता येतं आणि उत्प्रेरक तयार करायला एक दिवस पुरतो. खरं कष्टाचं काम म्हणजे निघालेला हायड्रोजन विश्वासाने मोजणं.

सुरुवात स्वतः बनवलेल्या नॅनोकणांनी करू नका. बाजारात मिळणारी पी२५ ही टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी घ्या: सुमारे ८० टक्के अ‍ॅनाटेज, बाकी बहुतांशी रुटाइल (ही त्याचीच दोन स्फटिकरूपं), कण साधारण २१ नॅनोमीटरचे, पृष्ठफळ ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास. तुमचा सेटअप बरोबर चालतो का, हे तिच्यावरच तपासता येतं.

हेक्झाक्लोरोप्लॅटिनिक आम्लाचं हेक्झाहायड्रेट २६५ मिग्रॅ घेऊन १०० मिली पाण्यात विरघळवा. दर मिलीत १ मिग्रॅ प्लॅटिनम येतं. हे आम्ल ओलावा भराभर शोषतं, म्हणून झटपट तोला. ५०० मिग्रॅ पी२५ ८० मिली डीआयोनाइज्ड पाण्यात टाकून १५ मिनिटं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी कण सुटे करा), मग २० मिली मेथॅनॉल आणि २.५ मिली प्लॅटिनम द्रावण घाला. हे ०.५ टक्के प्लॅटिनम झालं. अर्धा तास अर्गॉन सोडून ऑक्सिजन घालवा, मग ढवळत ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही एलईडीखाली दोन तास ठेवा. पांढरी भुकटी राखाडी होते. पांढरीच राहिली तर बहुधा ऑक्सिजन उरलाय आणि प्रकाशाने भुकटीत सुटलेले, प्लॅटिनमसाठीचे इलेक्ट्रॉन तोच पळवतोय.

सेंट्रीफ्यूज करून पाण्याने तीनदा धुवा आणि ८० अंशांवर वाळवा. धुण्यात हयगय नको: प्लॅटिनम असलेली कोरडी भुकटी हवेत मेथॅनॉलच्या वाफेला आग लावू शकते. म्हणूनच पुढेही भुकटीवर आधी पाणी, मग मेथॅनॉल.

चाचणीसाठी १५० मिलीचा बोरोसिलिकेट फ्लास्क चालतो, ३६५ नॅनोमीटरला क्वार्ट्झची गरज नाही. त्यात ५० मिग्रॅ उत्प्रेरक, ८० मिली पाणी, २० मिली मेथॅनॉल. वर साधारण ५० मिली मोकळी जागा उरते. सेप्टम (सुई टोचता येणारं रबरी बूच) लावा, पुन्हा अर्धा तास अर्गॉन सोडा, तापमान २५ अंशांवर धरा. दिवा तापला की द्रावणही तापतं आणि आकडे फुगतात. यूव्ही गॉगल घाला, काम फ्यूम हूडमध्येच करा. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून पेटतो.

दर अर्ध्या तासाने गॅसटाइट सिरिंजने ०.५ मिली वायू काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) टोचा: ५ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्ह कॉलम, टीसीडी (वायूची उष्णतावाहकता मोजणारा) डिटेक्टर, वाहक वायू अर्गॉन. हीलियम वापरू नका, त्याची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या जवळची असल्याने आलेखावरचं शिखर बारीक येतं किंवा उलटंही पडतं. वायूत हायड्रोजन १ टक्का असेल, तर ५० मिलीत सुमारे २० मायक्रोमोल. नायट्रोजनचं शिखर वाढत गेलं तर सेप्टम गळतोय. अनेकदा टोचलेला सेप्टम सरळ बदला.

अंधारातली, उत्प्रेरकाविना आणि प्लॅटिनमविना अशा तिन्ही तुलना चुकवू नका.

हा हायड्रोजन म्हणजे पाण्याचं पूर्ण विघटन नव्हे, हे अहवालात स्पष्ट लिहा. मेथॅनॉल होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरलेली धन जागा) खाऊन टाकतो आणि त्याचं ऑक्सिडेशन होतं, म्हणून ऑक्सिजन निघत नाही. शुद्ध पाण्यात प्लॅटिनम उलट अभिक्रियाही घडवतं, हायड्रोजन-ऑक्सिजन पुन्हा जोडतं. प्लॅटिनम वाढवत नेल्यानेही फायदा थांबतो: जादा धातू प्रकाश अडवतो आणि इलेक्ट्रॉन-होल तिथेच भेटतात.

‘दर ग्रॅमला दर तासाला’ हा आकडा एकटा देऊ नका. उत्प्रेरक कमी घेतला की तो आपोआप मोठा दिसतो. त्यापेक्षा क्वांटम उत्पन्न, म्हणजे पडलेल्या फोटॉनपैकी किती टक्के कामी आले, ते काढा. ३६५ नॅनोमीटरचे १०० मिलिवॅट म्हणजे तासाला सुमारे ११०० मायक्रोमोल फोटॉन. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून तासाला ५५ मायक्रोमोल हायड्रोजन निघाला तर दोनाने गुणून ११०, म्हणजे १० टक्के.

एलईडीवर चांगलं चाललेलं उन्हात मंदावलं तर दचकू नका. अ‍ॅनाटेजला ३८७ नॅनोमीटरहून लांब तरंग चालत नाहीत आणि सूर्यप्रकाशातल्या ऊर्जेत यूव्ही जेमतेम ४-५ टक्के असते. जपानमध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटने यूव्हीत जवळपास परिपूर्ण क्वांटम कार्यक्षमता गाठली, तरी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या १०० चौरस मीटरच्या पॅनेलची सौर कार्यक्षमता कमाल ०.७६ टक्केच होती.